नानांनी तारा सारख्या केल्या

दोष नानांचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या घरात काहीही बिघडलं की सगळ्यांच्या माना आधी माझ्याकडे वळतात. कॉलेज सोडलेला मुलगा घरात असला की बाकीच्यांची फार सोय होते. दूध उतू गेलं तरी, "याचं लक्ष कुठे असतं हल्ली?" अहो, दूध मी ठेवलंच नव्हतं!

तर नाना म्हणजे माझे मोठे काका. जिनिंग फॅक्टरीत फोरमन होते. आता रिटायर झालेत, पण फक्त फॅक्टरीतून. घरातली ड्यूटी चालू आहे. पंखा आवाज करतो? नाना बघतील. कुकरची शिट्टी होत नाही? नाना बघतील. नाना बघतात, आणि मग आम्ही दुकानात जाऊन नवीन कुकर बघतो. पण तोंडातून ब्र काढायची सोय नाही. माझे बाबा तर नानांसमोर शिंक आली तरी आधी अंदाज घेतात.

आमच्याकडे म्हातारा माणूस चुकत नसतो. त्याच्या चुकीला अनुभव म्हणतात. माझ्या चुकीला मात्र 'शिक्षण अर्धवट सोडल्याचे परिणाम' असं भारदस्त नाव आहे.

हो, सोडलं शिक्षण. धुळ्यात देवपूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होतो. का सोडलं? कारण तिथे कोणी हातात पाना देईना! सर फळ्यावर मशीन काढायचे, आम्ही वहीत मशीन काढायचो, परीक्षेत पुन्हा तेच मशीन काढायचो. त्या मशीनचा आवाज कसा असतो हे आजतागायत मला कळलेलं नाही. त्यापेक्षा होस्टेलच्या मागे पोरांच्या सायकली खोलून बसायचो, तेव्हा डोकं चालायचं. मग म्हटलं, जिथे डोकं चालतं तिथेच बसू की!

माझी स्वतःची एक रोड सायकल होती. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, जुन्या स्टीलच्या फ्रेमची. धुळ्यातल्या एका पोराकडून सेकंडहँड घेतली आणि सगळी खोलून नवी केली. नानांनी तिच्या हँडलकडे बघून तिचं नाव ठेवलं बोकड. "कुठे निघाला बोकड घेऊन?" रोज. रोज म्हणजे रोज! एकाच विनोदावर माणूस इतकी वर्षं कशी काढू शकतो, हे या पिढीकडून शिकावं.

आता मुद्द्याचं ऐका. इथे जळगावातच, पिंप्राळ्यात नानांचा एक गाळा आहे. रिकामा. म्हणजे रिकामा नाही, आत दोन मेलेले कूलर आणि एक तुटका पाळणा आहे. मला त्या गाळ्यात गिअरच्या सायकलींचं दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. घरात विषय काढला तर नाना असे हसले, की शेजारच्यांनी डोकावून पाहिलं.

"सायकलचं दुकान? अरे, लोक सायकल सोडून स्कूटरवर आले, स्कूटर सोडून कारवर आले, आणि तू उलट्या दिशेने निघालास?"

"नाना, महागातल्या सायकली आल्यात जळगावात. डॉक्टर, वकील, सगळे चालवतात. दुरुस्त करणारा कोणी नाही."

"आणि तुला येतं?"

"येतं."

"बरं." नानांनी पान तोंडात टाकलं. पान खाल्ल्यावर नाना निकाल देतात. "रविवारी आत्याकडे देवपूरला भरीत आहे. आम्ही सगळे गाडीने जाऊ. तू ते नव्वद किलोमीटर या बोकडावर ये. तू स्वतः तयार केलेल्या सायकलवर. रस्त्यात टेम्पोत टाकायची नाही, कोणाला फोन करायचा नाही. पंगत बसायच्या आत पोचलास तर गाळ्याची किल्ली तुझी."

"आणि नाही पोचलो तर?"

"तर सोमवारी मुकाट्याने कॉलेजात परत. मी तिथे बोलून ठेवलंय."

बोलून ठेवलंय! माझ्या हरण्याची व्यवस्था आधीच करून ठेवली होती माणसाने!

शनिवारी मी सायकल एकदा पूर्ण तपासली. चेन धुतली, ब्रेक बसवले, मागचं चाक पाहिलं. टायरच्या डावीकडे फ्रेमच्या दांडीपर्यंत जेवढी फट, तेवढीच उजवीकडे. एकदम मधोमध. मग सायकल ओट्यावर लावली आणि एक जादा ट्यूब आणायला बाजारात गेलो. आलो, जेवलो, झोपलो. या सगळ्यात माझी काही चूक दिसते का तुम्हाला? मलाही दिसत नाही.

रविवारी सकाळी उजाडताच निघालो. गेटच्या बाहेर दोन पायडल मारले आणि मागून आवाज आला. खस्स. खस्स. खस्स.

उतरलो. पाहतो तर मागचा टायर डावीकडच्या दांडीला घासतोय! उजवीकडे बोट सहज जाईल एवढी फट, डावीकडे कागदही जाणार नाही.

डोकं सणकलं. पण मी काही घाबरणारा नाही. मी पद्धतशीर माणूस आहे. पहिली शंका, चाक खाचेत नीट बसलं नसेल. चाक काढलं, दाबून पुन्हा बसवलं. खस्स. दुसरी शंका, चाकाचा आऊट. चाक फिरवून पाहिलं. वेडंवाकडं डुलत असेल तर आऊट म्हणायचा. हे तर तबकडीसारखं सरळ फिरत होतं, फक्त अख्खंच्या अख्खं डावीकडे सरकून. आता उरलं काय? काल संध्याकाळी हेच चाक मधोमध होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. एका रात्रीत चाक काही विचार बदलत नाही. म्हणजे वाकली असणार फ्रेम!

एवढ्यात आबा आले. आबा म्हणजे आमच्या शेजारचे, मूळचे शिंदखेड्याचे, अहिराणीशिवाय न बोलणारे, आयुष्यभर एसटी चालवलेले. मफलर बांधून सकाळी फिरायला निघतात. फिरतात कमी, थांबतात जास्त.

"काय व्हयनं रे भो?"

"चाक घासतंय, आबा."

आबांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकले, पुन्हा उभे राहिले. झाली तपासणी.

"चेसिस वाकेल शे."

"मलाही तेच वाटतंय!"

"काल पोरं खेळत व्हतात आठे. बशी गया व्हईन एखादा."

झालं! सायकलवर बसलेले आरोपी सापडले, पुरावा सापडला, तज्ज्ञाचा दाखला मिळाला. मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या म्हाताऱ्यांच्या एका शब्दावर मी एरवी विश्वास ठेवत नाही, त्यातला एक माझ्याच मनातलं बोलला तर तो एकदम मला शहाणा कसा काय वाटला?

एक साधी परीक्षा असते. चाक काढायचं, उलटं फिरवून त्याच फ्रेममध्ये घालायचं. फट आहे त्याच बाजूला राहिली तर फ्रेम वाकडी. फट दुसऱ्या बाजूला गेली तर फ्रेम बिचारी निर्दोष, चाक खोटं. दोन मिनिटांचं काम. मला ती परीक्षा माहीत होती. होस्टेलच्या मागे मी ती दहा पोरांना शिकवलेली. पण डोक्यात कॉलेजचं गेट दिसत होतं, आणि आबा बाह्या सरसावून तयार होते.

"मी पुढे बसस, तू मांगे वढ."

ओट्यावर गोधडी घातली. सायकल आडवी केली. आबा हँडलजवळच्या नळीवर असे बसले, जसे एसटीच्या सीटवर. मी मागच्या दोन दांड्यांच्या मध्ये एक फळी अडकवली, ओट्याला पाय लावला आणि उजवीकडे ओढलं.

"वढ! आजून वढ! घाटमा गाडी शे असं समज!"

ओढली. कर्रर्र आवाज झाला. स्टील होतं म्हणून वाकलं. चाक घालून पाहिलं आणि काय सांगू! मधोमध! अगदी काल होतं तसं. डावीकडे जेवढी फट तेवढीच उजवीकडे. मी आबांना मिठी मारली. आबांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, "आते जाय, बठ्ठं नीट व्हयनं!" आणि मी सुटलो.

त्या दिवशी मी काय सायकल चालवली! पाळधी कधी गेलं कळलं नाही. एरंडोलला चहा प्यायलो तो उभ्यानेच. केळीच्या ट्रकांनी हॉर्न दिले, एसटीच्या खिडकीतून पोरांनी हात केले. सायकल जरा उजवीकडे ओढत होती. हात सोडले की बाई निघाली शेताकडे. मी म्हटलं, वारा असेल. गिअरही कुरकुरत होते. म्हटलं, थंडी आहे. पारोळ्याच्या पुढे वारा पडला, ऊन वर आलं, तरी ती उजवीकडे ओढतच होती. तेव्हा म्हटलं, रस्त्यालाच उतार असेल. जिंकणाऱ्या माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

धुळ्यात पांझरा नदी ओलांडली, देवपूरला शिरलो. आत्याच्या अंगणातून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर येत होता, भाजलेल्या वांग्यांचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. सतरंज्या घातल्या होत्या, पण ताटं अजून मांडलेली नव्हती! मी थेट अंगणात, थेट नानांच्या खुर्चीसमोर ब्रेक मारला. चुलतभावांनी शिट्ट्या मारल्या. आत्या पिठाच्या हातांनी धावत आली, "माझं लेकरू आलं गं बाई एवढ्या लांबून!" बाबा उभे राहिले. नानांसमोर, न विचारता! हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मी हात पुढे केला. "नाना, किल्ली."

नानांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू असलं की समजावं, काहीतरी राहिलंय.

"पोचलास ना? मग मला धन्यवाद दे."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

"काल तू बाजारात गेलास तेव्हा मी तुझ्या मागच्या चाकाला टिचकी मारून पाहिली. उजवीकडच्या तारा टिण्ण वाजतात, डावीकडच्या धप्प! एका बाजूला ताठ, एका बाजूला ढिल्या! अरे, असलं चाक घेऊन हायवेला निघतात का? मेला असतास. बसलो, पाना घेतला आणि दोन्हीकडच्या तारा सारख्या करून टाकल्या. वर वाजवूनही पाहिलं, एकसुद्धा तार वेगळी वाजत नव्हती." मग सगळ्या पंगतीकडे बघून, "तेव्हा काम माझं. याने फक्त पाय हलवले. किल्लीचं बघू पुढे."

मला एक क्षण काही ऐकूच येईना. मग सगळं एकदम ऐकू आलं. खस्स. खस्स. खस्स.

"तुम्ही केलंत ते?"

"मग कोण करणार?"

"नाना! मागच्या चाकाला उजवीकडे गिअरच्या चकत्या असतात! त्या जागा खातात! रिंग मधोमध यायची तर उजवीकडच्या तारा जास्त ताणाव्याच लागतात. तशाच असतात त्या!"

"आवाज खाली."

"तुम्ही त्या सारख्या केल्या म्हणून चाक डावीकडे गेलं! सकाळी घासत होतं!"

"माझ्या काळ्या सायकलीच्या तारा बघ जाऊन. दोन्हीकडे सारख्या. इतक्या वर्षांत घासली नाही."

"त्या सायकलला गिअर आहेत का?"

बाबा म्हणाले, "भूषण, जाऊ दे." आत्या म्हणाली, "भाऊ, आधी जेवू द्या त्याला." मी म्हटलं, जेवण नाही नि काही नाही. आज निकाल लागेल. काम माझं असेल तर गाळा माझा.

सायकल उलटी उभी केली. चेन उतरवली, चाक काढलं, वर धरलं.

"सगळे बघा! आता हे चाक मी उलटं घालतो. जागा बदलली तर चाक खोटं. म्हणजे नानांचं काम खोटं. नाही बदलली तर मी उद्या कॉलेजात!"

घातलं. टायर सरळ जाऊन उजवीकडच्या दांडीला टेकला. नुसता टेकला नाही, रुतला!

अंगणात गलका झाला. चुलतभावांनी मला उचललं. आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. नाना उठले, चाकाशी आले, बोटाने फट चाचपली. एकदा, दोनदा. मग आयुष्यात पहिल्यांदा, पन्नास माणसांच्या भरिताच्या कार्यक्रमात, नाना बोलले:

"चुकलं माझं."

मंडळी, हे शब्द मी पुन्हा लिहितो. चुकलं माझं. नानांच्या तोंडून! त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. सगळ्यांच्या देखत. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं की इंजिनिअरिंगची डिग्री हवी का ही किल्ली, तर मी त्याच्याकडे दयेने पाहिलं असतं.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. भरीत वाढलं जात होतं, वर तेलाची धार पडत होती, पुऱ्या येत होत्या. पण जिंकलेल्या माणसाला भूक नसते. मला धडा पूर्ण करायचा होता.

"थांबा," मी म्हटलं. "आता चाक कसं दुरुस्त करतात तेही दाखवतो."

तिथेच मांडी घातली. उजवीकडच्या तारा थोड्या थोड्या आवळल्या, डावीकडच्या सोडल्या. चाक उलटसुलट करून, पुठ्ठ्याचं माप लावून रिंग बरोबर मधोमध आणली. इतकं सुंदर चाक मी आजवर बसवलेलं नाही. नानासुद्धा पुढे वाकून पाहत होते, विद्यार्थ्यासारखे. मी चाक सुलटं घातलं, सायकल उभी केली, नाटकी पद्धतीने हात केला आणि पायडल फिरवलं.

खस्स. खस्स. खस्स.

या वेळी उजवीकडे.

नानांनी कपाळाला आठी घातली. फोरमन जागा झाला होता.

"चाक आता बरोबर आहे?"

"हो."

"मग का घासतंय?"

मी पुन्हा पायडल फिरवलं. खस्स.

"आणि माझ्या चुकीमुळे चाक डावीकडे होतं, तर मगाशी तू आलास तेव्हा मधोमध कसं होतं?"

खरं सांगतो, हा प्रश्न तोपर्यंत त्या अंगणात कोणालाच पडला नव्हता. मलाही नाही.

"सकाळी... फ्रेम वाकली असं वाटलं मला. म्हणून आबांनी आणि मी ती सरळ केली."

"वाकली होती का?"

"नाही."

"म्हणजे सरळ होती."

"हो."

"आणि तू ती सरळ फ्रेम माझ्या वाकड्या चाकाच्या मापाने वाकवलीस."

"हो, नाना."

नाना हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. ते इतक्या मायेने माझ्याकडे बघत होते, की मला अंगावर काटा आला. आपला वारस सापडलेल्या माणसाची नजर होती ती!

"किल्ली परत हवी असेल तर..." मी म्हटलं.

"दिली ती दिली," नाना म्हणाले. "माझा शब्द आहे. चल, फळी आण. मी पुढे बसतो."

आणि मी, जो म्हाताऱ्यांचं कधीच ऐकत नाही, एकाच दिवसात दुसऱ्यांदा ऐकलं. आत्याच्या पायरीवर पोतं घातलं. सायकल आडवी केली. नाना पुढच्या नळीवर बसले, चुलतभावांनी धरलं, मी फळी घालून आता डावीकडे ओढलं. सकाळी उजवीकडे वाकलेलं जुनं स्टील दुपारी डावीकडे वाकवलं की काय करतं, हे तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे म्हणे. मी तो धडा यायच्या आधीच कॉलेज सोडलं होतं.

टक्क!

मागची दांडी जोडाजवळ काडीसारखी मोडली. नाना पोत्यावरून घसरून पायरीवर बसले.

"वेल्डिंग करू," नाना म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक आहे."

"नको!" सगळं अंगण एका आवाजात ओरडलं. बाबासुद्धा.

मग आम्ही जेवायला बसलो. मी नानांच्या शेजारी. भरीत फर्मास झालं होतं.

आज पिंप्राळ्यात माझं दुकान आहे. दारात डॉक्टरांच्या, वकिलांच्या सायकली उभ्या असतात आणि मागच्या चाकाचं काम तर लोक भुसावळहून घेऊन येतात. माझी सायकल गेली. दुकानात मी रिक्षाने जातो.